फेलिक्स फ्रँकफर्टर : हात आखडता घेणारे न्यायमूर्ती

फेलिक्स फ्रँकफर्टर यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८८२ रोजी व्हिएन्नातल्या एका ज्यू कुटुंबात झाला. सहा भावंडांत ते तिसरे. वडील लिओपोल्ड यांनी तरुणपणी रबाय, म्हणजे ज्यू धर्मगुरू, होण्यासाठी शिक्षण घेतले होते. ते अर्ध्यावर सोडून ते व्यापारात पडले आणि व्यापार त्यांना कधीच फारसा साधला नाही. काका सोलोमन मात्र व्हिएन्ना विद्यापीठाच्या ग्रंथालयाचे प्रमुख आणि नावाजलेले विद्वान होते. घरात पैसा बेताचा आणि पुस्तकांना मान मोठा. १८९३ मध्ये लिओपोल्ड नशीब काढायला अमेरिकेला गेले आणि पुढच्या वर्षी त्यांनी बायकामुलांना न्यूयॉर्कला बोलावून घेतले.

न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागात, युरोपातून आलेल्या गरीब ज्यूंनी गच्च भरलेल्या चाळीवजा इमारतींमध्ये हे कुटुंब उतरले. तेव्हा फेलिक्स बाराव्या वर्षात होता आणि त्याला इंग्रजीचा एक शब्दही येत नव्हता. सरकारी शाळेतल्या होगनबाईंनी वर्गातल्या मुलांना तंबी दिली, की या मुलाशी जो जर्मनमध्ये बोलेल त्याला मार मिळेल. उपाय रांगडा होता, पण लागू पडला. फ्रँकफर्टर यांनी म्हातारपणीही या बाईंचे ऋण मानले. शाळा सुटल्यावर कूपर युनियन या संस्थेच्या मोफत वाचनालयात वर्तमानपत्रे वाचत बसणे हे त्यांचे दुसरे विद्यालय. पुढे शहराने चालवलेल्या सिटी कॉलेजात त्यांचे शिक्षण फुकट झाले आणि १९०२ मध्ये ते पदवीधर झाले. परक्या मुलाला आपलेसे करणारी सरकारी शाळा ही त्यांच्या लेखी अमेरिकेची सर्वांत मोठी संस्था होती. चाळीस वर्षांनी त्यांनी दिलेला एक वादग्रस्त निकाल या श्रद्धेशिवाय उलगडत नाही.

कायद्याच्या शिक्षणासाठी पैसे जमवायला त्यांनी वर्षभर भाड्याच्या घरांवर देखरेख ठेवणाऱ्या न्यूयॉर्क महापालिकेच्या खात्यात नोकरी केली आणि १९०३ मध्ये ते हार्वर्डला गेले. तिथे श्रीमंत घरांतली उंचीपुरी मुले पाहून हा जेमतेम साडेपाच फुटांचा मुलगा आधी बिचकला, पण १९०६ मध्ये तो पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाला. न्यूयॉर्कच्या एका बड्या वकिली पेढीने त्याला घेतले. त्या पेढीत तोवर एकही ज्यू वकील नव्हता. नाव बदलून घेतलेस तर बरे, असे तिथल्या एका भागीदाराने मायेने सुचवले. फ्रँकफर्टर यांनी नाव बदलले नाही, आणि तिथे ते फार दिवस टिकलेही नाहीत.

न्यूयॉर्कचे संघराज्य सरकारी वकील हेन्री स्टिमसन यांनी आपल्या कार्यालयासाठी हुशार तरुण शोधायला सुरुवात केली होती. तोपर्यंत अशा जागा राजकीय वशिल्याने भरल्या जात. पगार कमी असूनही फ्रँकफर्टर तिथे गेले. त्या काळातला सर्वांत गाजलेला खटला साखरेचा. अमेरिकन शुगर रिफायनिंग कंपनी बाहेरून आलेल्या कच्च्या साखरेचे वजन करताना ब्रुकलिनच्या धक्क्यावरच्या काट्यांत गुपचूप छेडछाड करून माप कमी दाखवत असे आणि आयातशुल्क चुकवत असे. काटामारी म्हणजे आपल्याकडच्या बाजारातलीच, फक्त जहाजांच्या हिशेबात केलेली. शेवटी कंपनीला वीस लाखांहून अधिक डॉलर सरकारजमा करावे लागले. सरकारी वकिलाने खटला कसा चालवावा, पोलिसांनी पुरावा कसा मिळवावा याबद्दलची फ्रँकफर्टर यांची पुढची सगळी मते या कार्यालयात घडली. पुरावा आणायचा तो सरळ मार्गानेच, ही स्टिमसन यांची शिस्त होती.

१९११ मध्ये स्टिमसन युद्धमंत्री झाले आणि त्यांच्याबरोबर फ्रँकफर्टर वॉशिंग्टनला गेले. तिथे ड्यूपाँट सर्कलजवळच्या एका घरात काही तरुण अधिकारी आणि पत्रकार एकत्र राहत. रात्रीच्या जेवणावर वाद इतके रंगत, की त्या घराला गमतीने ‘सत्यगृह’ म्हटले जाई. सर्वोच्च न्यायालयाचे वयोवृद्ध न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स तिथे येत, बॉस्टनचे वकील लुई ब्रँडाइस येत. हे दोघे फ्रँकफर्टर यांचे खरे गुरू. १९१४ मध्ये हार्वर्डने त्यांना प्राध्यापक म्हणून बोलावले आणि पुढची पंचवीस वर्षे ते तिथेच राहिले, पण वर्गापुरते कधीच राहिले नाहीत.

पहिल्या महायुद्धात कामगारांच्या संपांची चौकशी करायला राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी आयोग नेमला. त्याचे कायदेशीर काम फ्रँकफर्टर यांच्याकडे होते. जुलै १९१७ मध्ये ॲरिझोनातल्या बिस्बी गावी तांब्याच्या खाणीतल्या सुमारे बाराशे संपकरी मजुरांना हत्यारबंद टोळ्यांनी धरून, गुरांच्या डब्यांत कोंबून शेजारच्या न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात नेऊन सोडले होते. हे कृत्य बेकायदा असल्याचा स्पष्ट निष्कर्ष आयोगाने काढला. त्यावर माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी फ्रँकफर्टर यांना संतापाचे पत्र लिहिले. तेव्हापासून ‘जहाल’ हा शिक्का त्यांच्यावर बसला. १९१९ च्या पॅरिस शांतता परिषदेत ते ज्यू शिष्टमंडळाबरोबर होते. १९२० मध्ये परदेशी वंशाच्या संशयितांना सरसकट अटक करणाऱ्या ‘पामर धाडीं’वर बारा वकिलांनी जाहीर टीका करणारा अहवाल काढला, त्यावरही त्यांची सही होती. त्याच वर्षी स्थापन झालेल्या अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनच्या संस्थापकांत ते होते.

त्यांच्या वकिलीतला सर्वांत महत्त्वाचा धागा मात्र कामगार कायद्यांचा आहे. तो समजून घ्यायचा तर त्या काळच्या अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाकडे पाहावे लागते. ‘ड्यू प्रोसेस ऑफ लॉ’शिवाय कोणाचेही जीवित, स्वातंत्र्य किंवा मालमत्ता हिरावून घेता येणार नाही, असे अमेरिकेची राज्यघटना सांगते. वाचताना हे कलम न्याय्य कार्यपद्धतीबद्दलचे वाटते : नोटीस द्या, म्हणणे ऐका, मगच शिक्षा करा. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून न्यायालयाने त्यातून आणखी एक अर्थ काढला. कार्यपद्धती बिनचूक असली तरी कायद्याचा आशयच न्यायाधीशांना अवाजवी वाटला, तर तो कायदा रद्द. १९०५ च्या लॉकनर खटल्यात बेकरी कामगारांचे काम दिवसाला दहा तासांपुरते मर्यादित करणारा न्यूयॉर्क राज्याचा कायदा असाच रद्द झाला. मालक आणि मजूर यांना हवा तो करार करण्याचे स्वातंत्र्य आहे आणि विधिमंडळाने त्यात ढवळाढवळ करू नये, असे बहुमताचे म्हणणे. होम्स यांनी कडक भिन्नमत नोंदवले.

असे कायदे न्यायालयात वाचवण्याचे काम ब्रँडाइस फी न घेता करत. १९१६ मध्ये ते स्वतः न्यायमूर्ती झाले तेव्हा हे काम फ्रँकफर्टर यांच्याकडे आले. कामगारांच्या आरोग्याची, पगाराची, थकव्याची आकडेवारी शेकडो पानांत मांडायची आणि कायद्याची गरज सिद्ध करायची, ही त्यांची पद्धत. १९१७ मध्ये ओरेगॉन राज्याचा दहा तासांचा कायदा त्यांनी वाचवला. १९२३ मध्ये मात्र वॉशिंग्टन शहरातल्या स्त्रियांना किमान वेतन देणारा कायदा ॲडकिन्स खटल्यात ५ विरुद्ध ३ मतांनी गेला. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड हे इंग्लंडमध्ये जन्मलेले, म्हणजे तेही स्थलांतरितच. हा पराभव फ्रँकफर्टर विसरले नाहीत. लोकांनी निवडून दिलेल्या विधिमंडळाने गरिबांसाठी काही करावे आणि आजन्म नेमलेल्या पाच माणसांनी ते पुसून टाकावे, हे त्यांनी वकील म्हणून सोसले होते. न्यायाधीशाने हात आखडता घ्यावा ही त्यांची भूमिका पुस्तकातून नव्हे, तर या हरलेल्या खटल्यांतून आली.

१९१९ च्या डिसेंबरात त्यांनी मॅरियन डेनमन यांच्याशी लग्न केले. वधू ख्रिस्ती पाद्र्याची मुलगी असल्याने फ्रँकफर्टर यांच्या आईला ते लग्न मान्य नव्हते. पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलेले बेंजामिन कार्डोझो यांनी हे लग्न लावले. या दाम्पत्याला मूल झाले नाही.

१९२७ मध्ये फ्रँकफर्टर यांचे नाव देशभर झाले ते साक्को आणि व्हँझेटी प्रकरणामुळे. निकोला साक्को बुटांच्या कारखान्यातला मजूर, बार्तोलोमिओ व्हँझेटी मासे विकणारा. दोघेही इटलीतून आलेले आणि अराजकवादी. मॅसॅच्युसेट्समधल्या १९२० च्या एका दरोड्यातील दोन खुनांबद्दल त्यांना देहान्ताची शिक्षा झाली होती. मार्च १९२७ च्या ‘अटलांटिक मंथली’मध्ये फ्रँकफर्टर यांनी साक्षीपुरावा एकेक करून तपासला आणि आरोपींच्या परकेपणाचा व मतांचा वापर ज्युरीचे मन कलुषित करण्यासाठी कसा झाला हे दाखवले. बॉस्टनच्या प्रतिष्ठित मंडळींना ते झोंबले. राज्यपालांनी नेमलेल्या सल्लागार समितीचे प्रमुख हार्वर्डचेच अध्यक्ष लॉरेन्स लोवेल होते. समितीने खटला न्याय्य ठरवला आणि २३ ऑगस्ट १९२७ रोजी दोघांना विजेच्या खुर्चीत मारण्यात आले. या लोवेल यांनीच काही वर्षांपूर्वी हार्वर्डमध्ये ज्यू विद्यार्थ्यांची संख्या मर्यादित ठेवण्याचा घाट घातला होता आणि फ्रँकफर्टर यांनी त्याला विरोध केला होता. त्याच विद्यापीठात त्याच अध्यक्षाच्या हाताखाली हा लेख लिहायला छाती लागत होती.

फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्याशी त्यांची जवळीक पहिल्या महायुद्धाच्या काळातली. १९३३ मध्ये रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा सॉलिसिटर जनरलचे पद त्यांनी देऊ केले आणि फ्रँकफर्टर यांनी ते नाकारले. पद न घेता सल्ला देणे त्यांना जास्त मानवत असे. मंदीच्या काळात उभ्या राहिलेल्या नव्या खात्यांमध्ये त्यांनी आपले विद्यार्थी भराभर पेरले. शेअर बाजाराला वेसण घालणारा १९३३ चा कायदा बेंजामिन कोहेन, टॉमस कॉर्कोरन आणि जेम्स लँडिस या त्यांच्याच तीन शिष्यांनी रचला. फ्रँकफर्टर हे सॉसेजचेही नाव असल्याने या पोरांना विरोधक ‘हॉट डॉग’ म्हणत. एक गोष्ट मात्र तेव्हा लोकांना ठाऊक नव्हती : न्यायमूर्ती झालेले ब्रँडाइस फ्रँकफर्टर यांच्या सार्वजनिक कामासाठी दरवर्षी काही हजार डॉलर पाठवत होते. दोघांच्याही मृत्यूनंतर ते उजेडात आले आणि न्यायाधीशाने पडद्याआडून धोरणे हलवावीत का, यावर बरीच टीका झाली. टीका रास्तच होती.

कार्डोझो १९३८ मध्ये वारले. त्यांच्या जागी रूझवेल्ट यांनी ५ जानेवारी १९३९ रोजी फ्रँकफर्टर यांचे नाव सिनेटकडे पाठवले. आदल्या संध्याकाळी राष्ट्राध्यक्षांचा फोन आला तेव्हा फ्रँकफर्टर पाहुणे येण्यापूर्वी कपडे बदलत होते. आई आज हवी होती, एवढेच त्यांच्या तोंडून निघाले. युरोपात हिटलर, अमेरिकेतही ज्यूद्वेष वाढलेला. अशा वेळी दुसरा ज्यू न्यायाधीश नको, असे काही प्रतिष्ठित ज्यूंनीच राष्ट्राध्यक्षांना सांगितल्याचे प्रसिद्ध आहे. सिनेटच्या समितीपुढे त्यांच्या परदेशी जन्मावर, ज्यू असण्यावर, कम्युनिस्ट असल्याच्या संशयावर लोक बोलून गेले. फ्रँकफर्टर शेवटी स्वतः हजर झाले आणि सिनेटर पॅट मॅककॅरन यांच्या खोचक प्रश्नांना उत्तरे दिली. शेजारी सल्लागार म्हणून पुढे परराष्ट्रमंत्री झालेले डीन ॲचेसन बसले होते. १७ जानेवारीला सिनेटने आवाजी मतदानाने मान्यता दिली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयावर तोपर्यंत परदेशात जन्मलेले पाच न्यायाधीश येऊन गेले होते. पण इंग्रजी शिकावी लागलेले फ्रँकफर्टर पहिलेच.

जहाल माणूस आला, असे मित्रांना आणि शत्रूंनाही वाटले. दोघांचाही अंदाज दीड वर्षात चुकला. पेनसिल्व्हेनियातल्या माइनर्सव्हिल गावात बारा वर्षांची मुलगी आणि तिचा दहा वर्षांचा भाऊ यांना शाळेतून काढण्यात आले होते. ‘यहोवाचे साक्षीदार’ या पंथाची ही मुले राष्ट्रध्वजाला वंदन ही मूर्तिपूजा मानत आणि शाळेत ते करायला नकार देत. ३ जून १९४० रोजी, फ्रान्स कोसळत असताना, न्यायालयाने ८ विरुद्ध १ मतांनी शाळेच्या बाजूने निकाल दिला. निकालपत्र फ्रँकफर्टर यांचे. राष्ट्रीय ऐक्य हा राष्ट्राच्या सुरक्षिततेचा पाया आहे, ते मुलांत कसे रुजवायचे हे शाळा मंडळांनी ठरवायचे, न्यायालयाने नव्हे, असा त्यांचा युक्तिवाद. होगनबाईंच्या वर्गात अमेरिकन झालेल्या मुलाला शाळेचा हा अधिकार वाजवी वाटला असणार. निकालानंतर देशात ठिकठिकाणी या पंथाच्या लोकांवर हल्ले झाले. मेन राज्यातल्या केनेबंक गावी त्यांचे प्रार्थनागृह जाळले गेले.

तीन वर्षांत न्यायालयाने आपलाच निकाल फिरवला. १४ जून १९४३ च्या बार्नेट खटल्यात सक्तीचे ध्वजवंदन ६ विरुद्ध ३ मतांनी घटनाबाह्य ठरले. फ्रँकफर्टर जागचे हलले नाहीत. आपण स्वतः इतिहासातल्या सर्वांत छळलेल्या अल्पसंख्य समाजाचे आहोत, त्यामुळे मनाने या मुलांच्या बाजूलाच आहोत, पण मनाला जे वाटते ते न्यायाधीशाने घटनेत वाचायचे नसते, असे त्यांनी भिन्नमताच्या आरंभीच लिहिले. निकालपत्रात स्वतःच्या जातकुळीचा उल्लेख करू नये असे सहकाऱ्यांनी विनवले होते. त्यांनी ऐकले नाही. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका नाही, पण चूक बहुमताची नव्हे, त्यांची होती, असाच कौल काळाने दिला आहे. १९८६ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही केरळमधल्या याच पंथाच्या तीन मुलांना राष्ट्रगीत न म्हटल्याबद्दल शाळेतून काढणे रद्द ठरवले. ती मुले राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, फक्त गात नसत.

युद्धकाळातल्या आणखी दोन नोंदी त्यांच्या चरित्रात टाळता येत नाहीत. जुलै १९४३ मध्ये पोलंडच्या भूमिगत चळवळीचे दूत यान कार्स्की यांनी वॉशिंग्टनमध्ये त्यांना ज्यूंच्या संहाराची डोळ्यांनी पाहिलेली हकिकत सांगितली. हा तरुण खोटे बोलतो असे माझे म्हणणे नाही, पण माझा विश्वास बसत नाही, असे फ्रँकफर्टर म्हणाल्याचे कार्स्की सांगत. १९३८ मध्ये नाझींनी व्हिएन्नात काका सोलोमन यांना अटक केली तेव्हा ओळखीपाळखीतून त्यांना सोडवणारा हा माणूस. तरीही हकिकत त्यांच्या पचनी पडली नाही. आणि डिसेंबर १९४४ मध्ये जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना घरादारातून हलवण्याच्या लष्करी आदेशांना आव्हान देणाऱ्या कोरेमात्सू खटल्याचा निकाल लागला, तेव्हा ते सरकारच्या बाजूने राहिले. आदेश घटनेत बसतो म्हणजे आम्हाला तो पसंत आहे असे नव्हे, अशी पुस्ती त्यांनी जोडली. छावण्यांत नेऊन ठेवलेल्या या माणसांना त्या पुस्तीचा काही उपयोग नव्हता.

सहकाऱ्यांशी त्यांचे फारसे जमले नाही. बंद दाराआडच्या चर्चेत ते उभे राहून, पुस्तके हातात घेऊन, वर्गातल्या तासासारखे पन्नास मिनिटे बोलत, अशी तक्रार असे. ह्यूगो ब्लॅक आणि विल्यम डग्लस या रूझवेल्ट यांनीच नेमलेल्या न्यायमूर्तींशी त्यांचे तीव्र मतभेद होते. ब्लॅक म्हणत, घटनेत हक्क लिहिले आहेत ते न्यायालयाने राबवलेच पाहिजेत. फ्रँकफर्टर म्हणत, लोकशाहीत चुका लोकप्रतिनिधींनी करायच्या आणि त्यांनीच सुधारायच्या.

याच काळात त्यांचा भारताशी एक थेट संबंध आला. घटना समितीचे घटनात्मक सल्लागार बेनेगल नरसिंह राव १९४७ च्या अखेरीस अमेरिका, कॅनडा, आयर्लंड आणि इंग्लंडच्या दौऱ्यावर गेले. वॉशिंग्टनमध्ये ते फ्रँकफर्टर यांना भेटले. भारताच्या मसुद्यात तेव्हा ‘ड्यू प्रोसेस’ हीच शब्दयोजना होती. फ्रँकफर्टर यांनी सांगितले, की या शब्दांतून न्यायाधीशांना मिळणारा अधिकार लोकशाहीविरोधी आहे, कारण मूठभर माणसे लोकप्रतिनिधींचा कायदा उडवू शकतात, आणि न्यायसंस्थेवरही तो अन्यायकारक भार टाकतो. राव यांच्या मनात ही शंका आधीपासून होती. जमीनदारी रद्द करायची होती, फाळणीनंतर देश पेटलेला होता, आणि सरकारला प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेचे हत्यार हवे होते. एका अमेरिकन न्यायाधीशाच्या शब्दाने सगळे बदलले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, पण राव यांच्या हाती त्याने एक वजनदार साक्ष दिली. मसुदा समितीने ते शब्द काढून जपानच्या घटनेच्या धर्तीवर ‘कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ असे शब्द घातले.

घटना समितीत यावर खडाजंगी झाली. कन्हैयालाल मुन्शी आणि इतर अनेकांना जुने शब्द परत हवे होते. १३ डिसेंबर १९४८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उत्तर दिले ते विलक्षण मोकळे आहे. विधिमंडळ पक्षाच्या बहुमतावर कोणाचेही स्वातंत्र्य चिरडू शकते, आणि न्यायालयात बसलेल्या पाच-सहा जणांवरही सगळा भरवसा टाकता येत नाही. दोन्हीकडे धोका आहे, निर्णय सभागृहाने करावा, अशी भूमिका घेऊन त्यांनी विषय मतावर सोडला. दुरुस्त्या फेटाळल्या गेल्या. पण त्यांना ते खटकत राहिले असावे. सप्टेंबर १९४९ मध्ये अटक केलेल्या माणसाला कारण सांगणे, वकिलाचा सल्ला घेऊ देणे, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करणे या हमी देणारे वेगळे कलम त्यांनी मांडले, तेच आजचे कलम २२.

या देवघेवीत एक गोष्ट निसटली. फ्रँकफर्टर यांचा राग होता तो कायद्याचा आशय तपासणाऱ्या ‘ड्यू प्रोसेस’वर, किमान वेतन बुडवणाऱ्या वापरावर. न्याय्य कार्यपद्धतीचे ते कट्टर पाईक होते, आणि स्वातंत्र्याचा इतिहास हा बहुतांशी कार्यपद्धतीच्या संरक्षणाचा इतिहास आहे असे त्यांचे मत होते. १९५२ च्या रोशिन खटल्यात पोलिसांनी संशयिताने गिळलेल्या गोळ्या काढण्यासाठी रुग्णालयात त्याच्या पोटात नळी घालून बळजबरीने उलटी करवली होती. असा पुरावा चालणार नाही, सदसद्विवेकाला धक्का देणारी ही वागणूक आहे, असा निकाल त्यांनी त्याच ‘ड्यू प्रोसेस’च्या आधारे लिहिला. भारताने शब्द गाळले ते मात्र दोन्ही अर्थांसकट. परिणाम लगेच दिसला. १९५० मध्ये कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की संसदेने कायद्यात जी कार्यपद्धती लिहिली ती पुरेशी, ती न्याय्य आहे का हे न्यायालय पाहणार नाही. ही भूमिका २५ जानेवारी १९७८ पर्यंत टिकली. त्या दिवशी मनेका गांधी यांच्या पारपत्राच्या खटल्यात न्यायमूर्ती भगवती यांनी कार्यपद्धती न्याय्य आणि वाजवी असलीच पाहिजे असे ठरवले. कार्यपद्धती मनमानी किंवा जाचक असून चालणार नाही, असे पुण्याचे न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांनीही आपल्या स्वतंत्र निकालपत्रात लिहिले. गाळलेल्या शब्दांचा निम्मा अर्थ असा तीस वर्षांनी परत आला.

अमेरिकेत फ्रँकफर्टर यांची सर्वांत मोठी कामगिरी कदाचित एकही निकालपत्र न लिहिता झाली. काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळांविरुद्धचे ब्राउन प्रकरण डिसेंबर १९५२ मध्ये ऐकले गेले तेव्हा न्यायालय दुभंगलेले होते. फ्रँकफर्टर यांनी प्रश्न काढून फेरसुनावणी घडवली, मते गोठू दिली नाहीत. मधल्या काळात सरन्यायाधीश व्हिन्सन वारले, अर्ल वॉरन आले, आणि १७ मे १९५४ रोजी नऊ विरुद्ध शून्य असा निकाल लागला. याच पाठपुराव्याची दुसरी बाजू १९५५ च्या अंमलबजावणीच्या आदेशात दिसते. शाळा ‘विचारपूर्वक वेगाने’ एकत्र कराव्यात, या होम्स यांच्याकडून उचललेल्या शब्दप्रयोगाचा आग्रह फ्रँकफर्टर यांचा. दक्षिणेतल्या राज्यांनी त्यातला वेग सोडला आणि विचार करण्यात दहा वर्षे घालवली. माणूस म्हणूनही त्यांच्यात असेच दोन टोकांचे वागणे होते. १९४८ मध्ये विल्यम कोलमन या कृष्णवर्णीय तरुणाला त्यांनी लॉ क्लार्क, म्हणजे न्यायमूर्तींचा कायदेविषयक मदतनीस, नेमले. सर्वोच्च न्यायालयात ही पहिलीच घटना. पण १९६० मध्ये रूथ बेडर गिन्सबर्ग यांची शिफारस आली तेव्हा बाई नेमायला मन तयार नाही म्हणून त्यांनी नाव टाळले. गिन्सबर्ग १९९३ मध्ये त्याच न्यायालयात न्यायमूर्ती झाल्या.

शेवटची लढाई मतदारसंघांची. १९४६ मध्ये इलिनॉयमधल्या एका मतदारसंघात १ लाख १२ हजार लोक होते आणि दुसऱ्यात ९ लाख १४ हजार. ही विषमता न्यायालयाने दूर करावी अशी मागणी आली तेव्हा फ्रँकफर्टर यांनी राजकारणाच्या काटेरी झाडीत न्यायालयाने शिरू नये असे बजावले. पण ज्या आमदारांना जुन्या सीमांचा फायदा मिळतो तेच सीमा बदलणार कशाला, या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हते. टेनेसी राज्याने तर १९०१ पासून मतदारसंघांची फेररचनाच केली नव्हती. २६ मार्च १९६२ रोजी बेकर खटल्यात न्यायालयाने ६ विरुद्ध २ मतांनी असे दावे ऐकण्याचे मान्य केले. निकालपत्र लिहिले ते त्यांचेच एकेकाळचे विद्यार्थी विल्यम ब्रेनन यांनी. फ्रँकफर्टर यांचे प्रदीर्घ भिन्नमत हे त्यांचे अखेरचे मोठे लेखन ठरले. दहा-बारा दिवसांतच ६ एप्रिलला कार्यालयातल्या टेबलापाशी पक्षाघाताने ते कोसळले आणि ऑगस्टमध्ये निवृत्त झाले. १९६३ मध्ये त्यांना प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम मिळाले.

त्यांच्यावर पक्ष बदलल्याचा आरोप नेहमी होतो. तो खरा नाही. १९२३ मध्ये वकील म्हणून जे मागितले तेच १९६२ मध्ये न्यायाधीश म्हणून ते मागत होते : न्यायालयाने दूर राहावे. मधल्या काळात न्यायालयापुढचा प्रश्न गिरणीमालकांच्या करारस्वातंत्र्यावरून शाळकरी मुलाच्या विवेकावर आणि मतदाराच्या मताच्या किमतीवर आला होता. आधी जो संयम दुबळ्यांच्या कामी आला, तोच नंतर त्यांच्या आड आला. हा फरक ब्लॅक यांना दिसला, फ्रँकफर्टर यांना दिसूनही त्यांनी मानला नाही.

२२ फेब्रुवारी १९६५ रोजी वयाच्या ८२ व्या वर्षी वॉशिंग्टनमध्ये त्यांचे निधन झाले. निवृत्तीनंतर त्यांच्या जागी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी आर्थर गोल्डबर्ग यांना नेमले होते. तेही स्थलांतरित ज्यू आईबापांचे, पण जन्माने शिकागोचे. फ्रँकफर्टर यांच्यानंतर परदेशात जन्मलेली एकही व्यक्ती अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयावर आलेली नाही.